चलच्चित्रातील अक्षरांचे स्थान : गतिमागोव्याची तत्त्वे, मर्यादा आणि जबाबदारी

१. प्रश्नाचे स्वरूप

चलच्चित्रावर उमटणारी अक्षरे दोन प्रकारची असतात. पहिल्या प्रकारची अक्षरे पडद्याची असतात, तर दुसऱ्या प्रकारची अक्षरे दृश्यातील वस्तूची असतात. बातमीपत्रात पडद्याच्या खालच्या पट्टीत येणारे वक्त्याचे नाव हे पहिल्या प्रकारचे उदाहरण होय. कॅमेरा कितीही हलला तरी ते नाव जागचे हलत नाही. कारण त्याचा संबंध पडद्याच्या चौकटीशी असतो, दृश्याशी नसतो. ह्याउलट, गर्दीतून चालणाऱ्या एखाद्या व्यक्तीच्या मस्तकावर तिचे नाव दाखवावयाचे असेल, किंवा एखाद्या वास्तूच्या भिंतीवर तिच्या बांधणीचे वर्ष कोरल्याप्रमाणे भासवावयाचे असेल, तर त्या अक्षरांनी व्यक्तीबरोबर अथवा भिंतीबरोबर सरकले पाहिजे. भिंत चौकटीत डावीकडे गेली तर अक्षरे डावीकडे, भिंत तिरपी झाली तर अक्षरेही तिरपी, आणि मध्ये खांब आला तर अक्षरे खांबाआड, अशी ही अपेक्षा असते.

ही अपेक्षा पुरी करण्यासाठी दृश्यातील वस्तू प्रत्येक चौकटीत नेमकी कोठे आहे, ह्याचे मोजमाप करावे लागते. ह्या मोजमापाच्या क्रियेस प्रस्तुत लेखात 'गतिमागोवा' म्हटले आहे. संकलनकक्षात तिला 'ट्रॅकिंग' ह्या नावानेच ओळखतात. आजच्या संकलन-प्रणालींत ही क्रिया एका कळीच्या दाबाने होते आणि म्हणूनच तिच्या पोटात कोणती गृहीतके दडलेली आहेत, ह्याचा विचार सहसा होत नाही. तो विचार करणे हा ह्या लेखाचा हेतू आहे. गतिमागोवा केव्हा यशस्वी होतो, केव्हा फसतो आणि फसल्यास त्याचा परिणाम केवळ दृश्यसौंदर्यापुरता मर्यादित राहतो काय, असे तीन प्रश्न येथे क्रमाने घेतले आहेत.

२. पूर्वपीठिका

अक्षरांना दृश्यात बसविण्याची आकांक्षा संगणकाहून जुनी आहे. अमेरिकेतील मॅक्स फ्लायशर ह्यांना १९१७ साली 'रोटोस्कोप' ह्या यंत्राचे एकस्व मिळाले. चित्रफितीची एकेक चौकट काचेवर प्रक्षेपित करावयाची आणि तिच्यावरून हाताने रेखाटन करावयाचे, अशी त्याची रीत होती. चौकटीगणिक वस्तूचे स्थान डोळ्यांनी पाहून हाताने नोंदविणे हा गतिमागोव्याचा आद्य प्रकारच होय.

१९५९ साली प्रदर्शित झालेल्या हिचकॉकच्या 'नॉर्थ बाय नॉर्थवेस्ट' ह्या चित्रपटाची श्रेयनामावली सॉल बॅस ह्यांनी रचली. तिच्यात तिरप्या रेषांचे जाळे पडद्यावर उमटते, नावे त्या रेषांच्या कलाने सरकतात आणि पुढे ते जाळे एका काचेच्या इमारतीच्या दर्शनी भागात विरघळून जाते. अक्षरे इमारतीचीच आहेत असा भास येथे निर्माण होतो. मात्र कॅमेरा स्थिर असल्यामुळे इमारतीचा कल एकदाच मोजणे पुरेसे होते. डेव्हिड फिंचर ह्यांच्या 'पॅनिक रूम' (२००२) ह्या चित्रपटाच्या आरंभी न्यूयॉर्कच्या इमारतींलगत हवेत टांगल्यासारखी प्रचंड अक्षरे दिसतात. त्या इमारतींचेच यथादर्शन आणि त्यांच्यावरचाच प्रकाश त्या अक्षरांनाही लाभलेला आहे. ह्या दोन उदाहरणांमध्ये जे अंतर आहे ते मुख्यतः मोजमापाच्या तंत्राचे आहे.

ह्या दोहोंच्या मधल्या काळात दूरचित्रवाणीवर एक वेगळा मार्ग चोखाळला गेला. २७ सप्टेंबर १९९८ रोजी ईएसपीएन वाहिनीवरील अमेरिकन फुटबॉलच्या सामन्यात 'स्पोर्टव्हिजन' ह्या संस्थेने मैदानावर एक पिवळी रेषा दाखविली. प्रेक्षकांस ती गवतावर रंगविल्यासारखी दिसे आणि खेळाडू तिच्यावरून धावत जात. प्रत्यक्ष मैदानावर मात्र काहीच नव्हते. त्या पद्धतीत चित्र पाहून गती ओळखलेली नव्हती. कॅमेरा किती वळला, किती कलला आणि भिंगाची जवळीक किती बदलली, हे कॅमेऱ्यावर बसविलेली संवेदक यंत्रे सांगत होती; मैदानाचे मोजमाप आधीच करून ठेवलेले होते; आणि गवताच्या रंगावरून खेळाडू कोणते व मैदान कोणते हे ठरविले जात होते.

ह्यावरून गतीचे ज्ञान दोन वाटांनी मिळू शकते हे स्पष्ट होईल. एका वाटेने कॅमेऱ्याची हालचाल यंत्राने मोजली जाते. दुसऱ्या वाटेने ती चित्रावरूनच अनुमानाने काढली जाते. सर्वसामान्य संकलकाच्या हाती केवळ चित्रित झालेले दृश्य येते, कॅमेऱ्याच्या हालचालीची नोंद येत नाही. म्हणून पुढील विवेचन दुसऱ्या वाटेसंबंधी आहे.

३. जुळणीचे मूलतत्त्व

चित्रावरून गती ओळखण्याची सर्वांत सरळ पद्धत जुळणीची आहे. पहिल्या चौकटीत वस्तूवरील एखादा ठळक बिंदू निवडून त्याच्याभोवती एक लहान चौकोन आखावयाचा. ह्याला आपण 'नमुना' म्हणू. पुढच्या चौकटीत त्याच जागेभोवती एक मोठा चौकोन आखावयाचा. त्याला 'शोधक्षेत्र' म्हणू. नमुना शोधक्षेत्रात प्रत्येक शक्य त्या जागी ठेवून पाहावयाचा आणि जेथे तो सर्वांत चांगला जुळेल तेथे तो बिंदू सरकला असे मानावयाचे.

ह्या सरळ पद्धतीस किती श्रम पडतात ते पाहू. नमुना २१ × २१ पिक्सेलांचा, म्हणजे ४४१ पिक्सेलांचा घेतला आणि शोधक्षेत्र ६१ × ६१ पिक्सेलांचे घेतले, तर नमुना ठेवण्याच्या शक्य जागा ४१ × ४१, म्हणजे १,६८१ होतात. प्रत्येक जागी ४४१ तुलना कराव्या लागत असल्याने एका पावलास ७,४१,३२१ तुलना पडतात. सेकंदास २५ चौकटी ह्या गतीने १० सेकंदांच्या दृश्यात २५० चौकटी आणि २४९ पावले असतात. तेव्हा एकाच बिंदूसाठी एकूण तुलना सुमारे १८ कोटी ४६ लाख होतात. आजच्या संगणकास हे काम क्षुल्लक आहे. परंतु मनुष्याच्या हाताने ते होणे नाही, हे सांगावयास नको.

'चांगले जुळणे' म्हणजे काय, हेही निश्चित करावे लागते. दोन चौकोनांतील उजेडाच्या मूल्यांची नुसती वजाबाकी केली, तर ढगाआड सूर्य जाताच जुळणी बिघडेल. म्हणून प्रत्येक चौकोनातील सरासरी उजेड वजा करून व उरलेल्यास त्याच्या विचलनाने भागून मग दोहोंचा सहसंबंध काढतात. ह्या सहसंबंधाचे मूल्य −१ ते १ ह्यांच्या दरम्यान असते आणि ते १ च्या जितके जवळ तितकी जुळणी उत्तम. अशा रीतीने संपूर्ण चौकोनाचा उजेड सारखाच वाढला किंवा घटला तरी बाधा येत नाही. मात्र अर्ध्या चौकोनावर सावली पडली तर बाधा येतेच.

दुसरी पद्धत कलनशास्त्राची आहे. १९८१ साली ब्रूस लुकास आणि ताकेओ कानाडे ह्यांनी ती मांडली. दृश्यातील बिंदू सरकला तरी त्याचा उजेड बदलत नाही आणि सरकण्याचे अंतर अल्प आहे, ही तिची गृहीतके होत. ही गृहीतके मान्य केली म्हणजे उजेडाचा आडवा चढउतार, उभा चढउतार आणि काळाबरोबर होणारा बदल ह्या तीन राशींना जोडणारे एक रेषीय समीकरण मिळते. आडवी गती आणि उभी गती ही त्यातील दोन अज्ञाते. एका पिक्सेलापासून एकच समीकरण मिळत असल्याने दोन अज्ञाते सुटत नाहीत. पण लहान चौकोनातील सर्व पिक्सेल एकाच गतीने सरकतात असे मानले, तर ४४१ समीकरणे हाती येतात आणि लघुतम वर्ग पद्धतीने उत्तर निघते. हे उत्तर पिक्सेलाच्या अपूर्णांकापर्यंत मिळते, हा ह्या पद्धतीचा मोठाच लाभ होय. सरकण्याचे अंतर मोठे असेल तर चित्र क्रमाक्रमाने निम्मे लहान करतात. १६ पिक्सेलांचे अंतर चार वेळा निम्मे केले की १ पिक्सेल उरते. तेथे उत्तर काढून ते पुन्हा मोठ्या चित्रांत सुधारत आणावयाचे, अशी रीत आहे.

४. कोणता बिंदू निवडावा?

गतिमागोव्यातील बहुतेक अपयशाचे मूळ बिंदूच्या निवडीत असते. ह्याचे कारण समजण्यासाठी एक प्रयोग मनाशी करून पाहावा. पुठ्ठ्याला एक वाटोळे भोक पाडून त्यातून एक लांब, सरळ काठी पाहावी. काठीची टोके मात्र भोकाबाहेर असावीत. काठी तिच्याच लांबीच्या दिशेने सरकविली तर भोकातून काहीच हललेले दिसणार नाही. ती तिरप्या दिशेने सरकविली तर लांबीला काटकोनात असलेला हालचालीचा अंश तेवढा दिसेल. लहान झरोक्यातून सरळ कडेची खरी गती कळत नाही. ह्यालाच झरोक्याचा प्रश्न म्हणतात. नमुन्याचा चौकोन हाही एक झरोकाच आहे.

ह्यावरून तीन अवस्था संभवतात. चौकोनात केवळ सपाट रंग असेल, उदाहरणार्थ मोकळे आकाश किंवा चुन्याने सारवलेली भिंत, तर कोणतीच गती कळत नाही. चौकोनात एकच सरळ कड असेल तर एका दिशेची गती कळते, दुसरीची कळत नाही. चौकोनात कोपरा असेल, म्हणजे दोन भिन्न दिशांच्या कडा एकत्र येत असतील, तरच दोन्ही दिशांची गती निश्चित होते. लुकास–कानाडे पद्धतीतील समीकरणे सोडविताना जो २ × २ चा आव्यूह उद्भवतो, त्याच्या दोन आयगेन मूल्यांत हाच भेद उतरलेला असतो: दोन्ही लहान तर सपाट भाग, एक मोठे व एक लहान तर कड, दोन्ही मोठी तर कोपरा. हॅरिस आणि स्टीफन्स ह्यांनी १९८८ मध्ये कोपरे ओळखण्याची जी कसोटी दिली तिचा पाया हाच आहे. जियान्बो शी आणि कार्लो तोमासी ह्यांनी १९९४ साली ती अधिक सोपी केली. दोहोंपैकी लहान मूल्यही ठरावीक मर्यादेहून मोठे असेल तरच तो बिंदू मागोवा घेण्यास योग्य समजावा, असे त्यांचे म्हणणे होते.

कोपरा असणे आवश्यक आहे, परंतु पुरेसे नाही. समजा, पुण्यातील शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजाचे चित्रीकरण हातातील कॅमेऱ्याने केले आहे आणि दरवाजाच्या फळीवर 'दिल्ली दरवाजा' ही अक्षरे बसवावयाची आहेत. फळ्यांवर लोखंडी खिळ्यांच्या रांगा आहेत. प्रत्येक खिळा उठावदार असल्याने नमुना म्हणून तो उत्तम वाटेल. परंतु शेजारचा खिळाही त्याच्यासारखाच आहे. कॅमेऱ्यास थोडा झटका बसून शोधक्षेत्रात शेजारचा खिळा आला की जुळणी त्याच्यावर उडी घेण्याचा धोका असतो; आणि अक्षरे एका चौकटीत एका खिळ्याएवढी सरकतात. यंत्राच्या दृष्टीने ही चूक नव्हेच. त्याने शोधलेली जुळणी खरोखर उत्तम असते. अशा वेळी खिळ्यांची रांग जेथे संपते ती जागा, किंवा दगडावरील एखादा ओबडधोबड डाग, म्हणजे आसमंतात ज्याच्यासारखे दुसरे काही नाही असे चिन्ह, निवडणे इष्ट ठरते.

५. किती बिंदू लागतात?

एका बिंदूच्या मागोव्यावरून केवळ स्थानांतर कळते. चालत्या माणसाच्या मस्तकावर नाव धरून ठेवण्यास एवढे पुरते. दोन बिंदू घेतले म्हणजे त्यांना जोडणाऱ्या रेषेची लांबी व कल बदलताना दिसतो. त्यावरून आकारमानातील बदल आणि फिरणे ह्या दोन गोष्टी अधिक कळतात. भिंत, फलक किंवा पुस्तकाचे पान अशा समतलावर अक्षरे बसवावयाची तर यथादर्शनाचाही हिशेब करावा लागतो. एका समतलाची दोन भिन्न स्थानांवरून घेतलेली चित्रे एकमेकांशी ज्या रूपांतरणाने जोडलेली असतात, त्यास होमोग्राफी म्हणतात. ते ३ × ३ च्या आव्यूहाने लिहितात. त्यातील ९ संख्यांपैकी एकूण प्रमाण निरर्थक असल्याने ८ स्वतंत्र राहतात. प्रत्येक बिंदू दोन समीकरणे देतो, म्हणून चार बिंदू पुरतात. मात्र त्यांतील कोणतेही तीन एका रेषेत असता कामा नयेत.

चारच बिंदूंवर विसंबल्यास त्यांतील एक फसला की सर्वच फसते. म्हणून समतल-मागोव्याच्या पद्धतीत संपूर्ण पृष्ठभागावरील पोताचा उपयोग करतात, किंवा शेकडो बिंदू घेऊन बहुमताशी विसंगत असणारे वगळतात. विसंगत बिंदू वगळण्याची 'रॅन्सॅक' नावाची रीत फिशलर आणि बोल्स ह्यांनी १९८१ साली दिली. ह्या रीतीत थोडे बिंदू यदृच्छेने निवडून त्यांवरून उत्तर काढतात, ते उत्तर इतर किती बिंदूंना पटते हे मोजतात आणि ही क्रिया पुनःपुन्हा करून सर्वांत अधिक पाठिंबा मिळालेले उत्तर स्वीकारतात. समतल-मागोव्याच्या 'मोका' ह्या प्रणालीच्या कर्त्यांना २०१३ साली अमेरिकेच्या चित्रपट अकादमीने तांत्रिक पुरस्कार देऊन गौरविले. पुढे ह्या प्रकारची साधने सामान्य अभ्यासकाच्याही आवाक्यात आली. 'ब्लेंडर' ह्या मुक्त प्रणालीत २०११ पासून गतिमागोव्याची सोय आहे.

अक्षरे कोणत्याही पृष्ठभागावर न बसविता अवकाशात उभी करावयाची असतील, तर कॅमेऱ्याचाच मार्ग शोधावा लागतो. त्यासाठी अनेक स्थिर बिंदूंचा मागोवा घेऊन प्रत्येक चौकटीतील कॅमेऱ्याचे स्थान व रोख काढतात. येथे पराशय आवश्यक असतो, म्हणजे जवळच्या व दूरच्या वस्तू कॅमेऱ्याबरोबर भिन्न प्रमाणात सरकल्या पाहिजेत. तिपाईवर ठेवलेला कॅमेरा जागच्या जागी वळविला तर जवळपास काहीच पराशय उत्पन्न होत नाही. तेव्हा वस्तूंची खोली अशा दृश्यातून काढता येत नाही. येथे उणीव प्रणालीची नसून खोलीची माहिती त्या दृश्यात मुळातच नसते. चित्रीकरणाच्या वेळी कॅमेरा दोन पावले बाजूला चालविला असता जे सहज साधले असते, ते नंतर कोणत्याही श्रमाने साधत नाही.

६. चुकांचे प्रकार

पहिली चूक घसरणीची. प्रत्येक चौकट तिच्या लगतच्या मागील चौकटीशी जुळविली, तर प्रत्येक पावलाची सूक्ष्म चूक पुढे साठत जाते. एका पावलात ०.१ पिक्सेल एवढी चूक धरू. चुका कधी इकडे तर कधी तिकडे होत असतील, तर २४९ पावलांनंतर त्यांची बेरीज पावलांच्या वर्गमूळाच्या प्रमाणात, म्हणजे सुमारे १.६ पिक्सेल होईल. ती नजरेस क्वचितच येईल. परंतु चूक सतत एकाच दिशेने होत असेल, तर तीच बेरीज २४.९ पिक्सेल होईल आणि अक्षरे वस्तूवरून घसरत गेलेली स्पष्ट दिसतील. प्रत्येक चौकट पहिल्याच चौकटीशी जुळविली तर ही साठवण टळते. पण वस्तूचे रूपच कालांतराने बदलले तर पहिला नमुना निरुपयोगी ठरतो. म्हणून काही अंतराने नमुना नव्याने घ्यावयाचा आणि प्रत्येक वेळी मानवी डोळ्याने तो तपासावयाचा, हा मध्यममार्ग व्यवहारात पत्करला जातो.

दुसरी चूक आडोशाची. मागोवा घेतलेल्या बिंदूसमोरून कोणी गेले की नमुना त्या माणसाच्या सदऱ्याशी जुळू लागतो आणि तो पुढे गेला की अक्षरेही त्याच्याबरोबर चालू लागतात. तेथे मागोवा थांबवून पलीकडून, म्हणजे दृश्याच्या शेवटाकडून उलट दिशेने, तो घ्यावा आणि मधली जागा शेजारच्या बिंदूच्या साहाय्याने भरावी. २०२३ साली पुढे आलेल्या 'टॅपिर' आणि 'कोट्रॅकर' ह्यांसारख्या यंत्रशिक्षणावर आधारित पद्धती बिंदू दिसतो आहे की आड गेला आहे, ह्याचेही अनुमान करतात. अनुमान सुधारले तरी तपासणीची गरज मात्र संपत नाही.

तिसरी चूक कॅमेऱ्याच्या घडणीतून येते. बहुसंख्य डिजिटल कॅमेरे चौकटीच्या ओळी एकाच क्षणी न वाचता वरून खाली क्रमाने वाचतात. समजा, हे वाचन पुरे होण्यास १/५० सेकंद लागतो आणि दृश्य प्रत्येक चौकटीमागे २० पिक्सेल आडवे सरकते आहे. तर सेकंदास २५ चौकटींच्या हिशेबाने सर्वांत वरची व सर्वांत खालची ओळ ह्यांत १० पिक्सेलांचा फरक पडेल आणि सरळ खांब तिरपा दिसेल. विस्तीर्ण कोनाच्या भिंगाने कडेच्या सरळ रेषा वाकतात, ही आणखी एक अडचण. होमोग्राफी सरळ रेषा सरळच राहतात असे मानते. म्हणून प्रथम भिंगाची वक्रता काढून टाकावी, मग मागोवा घ्यावा, अक्षरे बसवावी आणि शेवटी तीच वक्रता अक्षरांसह पुन्हा चढवावी, हा क्रम योग्य होय.

चौथी चूक संकलकाच्या उपायातूनच उद्भवते. अक्षरे थरथरत आहेत असे दिसताच मागोव्याची आकडेवारी गुळगुळीत करण्याचा मोह होतो. पण ती थरथर मोजमापाची आहे की कॅमेऱ्याची, हे आधी ठरविले पाहिजे. कॅमेरा खरोखर थरथरत असेल आणि आकडेवारी गुळगुळीत केली, तर भिंत थरथरते व अक्षरे संथ राहतात. म्हणजे नेमका जो भास टाळावयाचा तोच उत्पन्न होतो. वस्तू हलताना पुसट होते ही बाबही अशीच आहे. सेकंदास २५ चौकटी आणि १/५० सेकंद प्रकाशन असेल, तर चौकटीमागे २० पिक्सेल सरकणारी वस्तू १० पिक्सेलांपर्यंत फराटते. अक्षरे तेवढीच फराटली नाहीत तर स्थान अचूक असूनही ती चिकटविल्यासारखी वाटतात.

७. देवनागरी अक्षरांची विशेष अट

रोमन अक्षरांची ओळ सुट्या आकारांची बनते. देवनागरी शब्द मात्र शिरोरेषेने बांधलेला असतो. ही लांब, सरळ रेषा दृश्यातील पायरी, तुळई किंवा खिडकीची चौकट अशा एखाद्या सरळ कडेजवळ आली की कलातील अल्पसा फरकही डोळ्यांस जाणवतो. ५०० पिक्सेल लांबीच्या शिरोरेषेत अर्ध्या अंशाचा फरक पडला तर तिची दोन टोके सुमारे ४.४ पिक्सेलांनी वरखाली होतात. म्हणून देवनागरी शीर्षकासाठी एका बिंदूचा मागोवा पुष्कळदा अपुरा पडतो. निदान दोन बिंदू घ्यावेत आणि ते शिरोरेषेच्या दिशेने जितके दूर मिळतील तितके घ्यावेत, कारण कल मोजण्यातील चूक त्या दोहोंमधील अंतराच्या व्यस्त प्रमाणात घटते. शिवाय वेलांटी, मात्रा व रफार वर, तर उकार व जोडाक्षरांचे पाय खाली जात असल्याने अक्षरांभोवतीची मोकळी जागा रोमन लिपीच्या मापाने ठरवू नये.

येथेच वाचनसुलभतेचाही प्रश्न येतो. अक्षरे जितकी दृश्याशी एकरूप, तितकी ती वाचावयास कठीण होण्याचा संभव अधिक. वाचकाचा डोळा एकाच वेळी ओळीवरून पुढे जाणे आणि सरकत्या ओळीचा पाठलाग करणे ही दोन्ही कामे करीत असतो. म्हणून 'हे अमुक आहे' असे बोट दाखवून सांगावयाचे असेल तेव्हाच अक्षरे वस्तूस बांधावीत; विस्तृत माहिती पडद्याच्या पट्टीतच द्यावी. कित्येकदा केवळ स्थान बांधून कल व आकारमान मोकळे सोडणे हा उत्तम तोडगा ठरतो.

८. नाव देणे आणि नाव झाकणे

आतापर्यंतच्या चुका दृष्टीला खटकणाऱ्या होत्या. परंतु गतिमागोव्याने बांधलेले अक्षर हे एक विधान असते. पडद्याच्या पट्टीतील नाव 'ह्या दृश्यात अमुक व्यक्ती आहे' एवढेच सांगते; मस्तकावर बांधलेले नाव 'ही व्यक्ती म्हणजे अमुक' असे सांगते. जमावाच्या दृश्यात दोन माणसे एकमेकांसमोरून गेली आणि मागोवा एकावरून दुसऱ्यावर घसरला, तर ते विधान असत्य होते. आणि दृश्य एखाद्या दंगलीचे किंवा चौकशीचे असेल, तर ते असत्य एका निरपराध माणसाच्या माथी बसते. यंत्राने ओळख पटविलेली नसते, केवळ पोत जुळविलेला असतो. प्रेक्षकास मात्र हा भेद दिसत नाही.

ह्याचीच दुसरी बाजू म्हणजे चेहरा झाकणे. साक्षीदाराचा किंवा पीडित व्यक्तीचा चेहरा पुसट करणारे आवरण ह्याच तत्त्वावर चालते. अक्षरांच्या जागी आवरण असते इतकेच. भारतात ही बाब केवळ सौजन्याची नाही. लैंगिक अत्याचारातील पीडितेची ओळख प्रकट करण्यास १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ ने मनाई आहे. तत्पूर्वी ती भारतीय दंड संहितेच्या कलम २२८-अ मध्ये होती. बालकांसंबंधी २०१२ च्या 'पोक्सो' कायद्याचे कलम २३ आणि २०१५ च्या बाल न्याय अधिनियमाचे कलम ७४ अशाच स्वरूपाचे निर्बंध घालते.

शीर्षक एका चौकटीपुरते घसरले तर १/२५ सेकंदाचा दोष होतो आणि तो बहुतेकांस दिसतही नाही. आवरण एका चौकटीपुरते घसरले तर त्या एका चौकटीत संपूर्ण चेहरा उघडा पडतो. आणि आज कोणासही चित्र त्या चौकटीवर थांबवून ठेवता येते. दहा मिनिटांच्या मुलाखतीत १५,००० चौकटी असतात. त्यांपैकी १४,९९९ अचूक असणे शीर्षकाच्या बाबतीत उत्कृष्ट काम होय. आवरणाच्या बाबतीत ते पूर्ण अपयश होय. दोन्ही कामे एकाच साधनाने होतात म्हणून दोहोंना एकच कसोटी लावणे हा येथील घातक गैरसमज आहे.

तेव्हा आवरणाच्या कामी काही नियम निरपवादपणे पाळणे प्राप्त आहे. आवरण चेहऱ्यापेक्षा पुष्कळ मोठे असावे. जुळणीचा सहसंबंध ठरावीक मर्यादेखाली गेला तर आवरणाने अंदाजाने पुढे न सरकता संपूर्ण चौकट झाकावी. दृश्य प्रत्यक्ष गतीने पाहून समाधान न मानता एकेक चौकट पुढे नेऊन तपासावे. आरशातील अथवा खिडकीच्या काचेतील प्रतिबिंबाकडे मागोव्याचे लक्ष नसते. ते माणसानेच पाहावे. आवाज, वस्त्रे व पार्श्वभूमी ह्यांवरूनही ओळख पटते, हे विसरू नये. सर्वांत सुरक्षित मार्ग चित्रीकरणापूर्वीचा आहे: व्यक्तीस प्रकाशाकडे पाठ करून बसवावे, किंवा चेहरा चौकटीत घेऊच नये. जे चित्रितच झालेले नाही ते कोणत्याही चुकीने उघड होत नाही.

९. उपसंहार

गतिमागोवा हे अनुमानाचे शास्त्र आहे. उजेड बदलत नाही, लहान चौकोन एकसंध सरकतो, पृष्ठभाग समतल आहे, ही त्याची गृहीतके. आणि दृश्य ज्या प्रमाणात ह्या गृहीतकांस धरून असेल त्या प्रमाणात त्याचे उत्तर विश्वसनीय. यंत्र प्रत्येक चौकटीस उत्तर देते. उत्तर नसलेल्या चौकटीसही देते. म्हणून ज्या विद्यार्थ्यांस आपल्या क्षेत्रकार्यातील दृश्यांवर नावे, खुणा किंवा आवरणे बसवावयाची आहेत, त्यांनी मागोव्याबरोबर सहसंबंधाची आकडेवारीही चौकटीगणिक जपून ठेवावी, कोणत्या चौकटी हाताने दुरुस्त केल्या त्याची नोंद करावी आणि अक्षरविरहित मूळ दृश्य बंदोबस्तात ठेवावे. प्रबंधातील कोष्टकास आपण आधार मागतो. चित्रावर बांधलेल्या नावासही तो मागितला पाहिजे.